वाचक विचारतात : कॉर्ड बदलताना हात उड्या का मारतो?

कीबोर्ड शिकणाऱ्या वाचकांनी विचारलेले कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन किंवा जास्त स्वर) आणि इन्व्हर्जनचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. स्वरांची नावं सी, डी, ई, एफ, जी, ए, बी अशीच ठेवली आहेत; शार्प म्हणजे त्या स्वराच्या लगेच उजवीकडची पट्टी. बोटांचे आकडे नेहमीचे : अंगठा १, तर्जनी २, मधलं बोट ३, अनामिका ४, करंगळी ५, दोन्ही हातांना तेच. मधला सी म्हणजे ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडून तिसरा सी.

प्रश्न : कॉर्डचा तक्ता समोर ठेवून बारा मेजर आणि बारा मायनर पाठ करायला घेतल्या. पण डी मेजर आणि डी मायनर यांत सतत गोंधळ होतो. तक्ता घोकण्यावाचून दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो तक्त्यापेक्षा लवकर अंगवळणी पडतो. मेजर कॉर्डसाठी मूळ स्वरापासून चार पट्ट्या पुढे जा, तिथून आणखी तीन. मोजताना काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरायच्या. सीपासून सी शार्प एक, डी दोन, डी शार्प तीन, ई चार. ईपासून एफ एक, एफ शार्प दोन, जी तीन. झाली सी मेजर : सी-ई-जी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ज्या पट्टीवर उभे आहात तिलाच ‘एक’ म्हणणं. तसं केलंत तर सी-डी शार्प-एफ असं काहीतरी हाताला लागतं आणि वाटतं की नियमच चुकीचा आहे. पहिलं पाऊल उचलल्यावर ‘एक’ म्हणा.

मायनरला हेच उलट : आधी तीन, मग चार. दोन्हींची बेरीज सातच, म्हणून बाहेरचे दोन स्वर तेच राहतात आणि फक्त मधला एका पट्टीने खाली येतो. डी मेजर म्हणजे डी-एफ शार्प-ए, डी मायनर म्हणजे डी-एफ-ए. अंगठा आणि करंगळी दाबून ठेवा आणि मधलं बोट एफ शार्पवरून एफवर, पुन्हा एफ शार्पवर असं दहा-बारा वेळा न्या. तुमचा गोंधळ यानेच सुटेल, कारण फरक डोळ्यांआधी कानाला कळतो. सरगम येत असेल तर आणखी सोपं आहे : सा-ग-प म्हणजे मेजर, गंधार कोमल केला की मायनर.

बारा मेजर कॉर्डचे आकारही बारा नाहीत. सी, एफ, जी या तिन्ही पूर्ण पांढऱ्या. डी, ई, ए या पांढरी-काळी-पांढरी. सी शार्प, डी शार्प, जी शार्प या काळी-पांढरी-काळी. एफ शार्प पूर्ण काळी. उरल्या दोन चुकार : ए शार्प (काळी-पांढरी-पांढरी) आणि बी (पांढरी-काळी-काळी). हात एकदा या आकारात बसला की नाव नंतर आठवलं तरी चालतं.

सुरुवात मात्र सहाच कॉर्डनी करा : सी, एफ, जी मेजर आणि डी, ई, ए मायनर. या सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर बसतात. पांढऱ्यांवरची सातवी, बी-डी-एफ, तीन आणि तीन अंतराची डिमिनिश्ड आहे. ती सध्या बाजूला ठेवली तरी काही अडत नाही.

प्रश्न : सी, ए मायनर, एफ, जी या चार कॉर्ड वेगवेगळ्या नीट येतात. सलग वाजवताना मात्र हात सगळीकडे उड्या मारतो आणि ताल सुटतो. इन्व्हर्जन शिका असं सांगतात, पण म्हणजे प्रत्येक कॉर्डचे तीन-तीन प्रकार पाठ करायचे का?

पाठ करू नका. इन्व्हर्जन म्हणजे नव्या कॉर्ड नव्हेत. सी-ई-जी मधला सी उचलून वरच्या सप्तकात ठेवला की ई-जी-सी, ही पहिली इन्व्हर्जन. मग ईसुद्धा वर ठेवला की जी-सी-ई, ही दुसरी. स्वर तेच तीन, फक्त तळाला कोण बसलं ते बदलतं. खरा प्रश्न ‘ही कितवी इन्व्हर्जन’ हा नसून ‘आत्ताच्या कॉर्डमधला कुठला स्वर पुढच्या कॉर्डमध्ये आहे’ हा आहे. तो स्वर जागेवर ठेवायचा आणि बाकीच्यांना जवळात जवळच्या पट्टीवर न्यायचं.

तुमच्याच चार कॉर्ड घेऊ. सुरुवात मधल्या सीवर, सी-ई-जी. ए मायनरचे स्वर ए, सी, ई. त्यातले सी आणि ई आधीच बोटांखाली आहेत, म्हणून फक्त जी वरून ए वर जायचं : सी-ई-ए. पुढे एफ मेजर, म्हणजे एफ, ए, सी. ए आणि सी जागेवर आहेत, ई एका पट्टीने सरकून एफ होतो : सी-एफ-ए. मग जी मेजर. इथे एकही स्वर सामाईक नाही, कारण एफ आणि जी या शेजारच्या कॉर्ड आहेत. तेव्हा तिन्ही स्वर खाली उतरवायचे : सी वरून बी, एफ वरून डी, ए वरून जी. मिळालं बी-डी-जी. परत सीवर येताना जी तिथेच राहतो, बी वरून सी, डी वरून ई.

आता पट्ट्या मोजून पाहा. मूळ स्थितीतच, म्हणजे मूळ स्वर तळाला ठेवून, चारही कॉर्ड वाजवल्या (सीवरून खाली ए मायनर, आणखी खाली एफ, मग वर जी आणि पुन्हा सी) तर तीन बोटांचा मिळून प्रवास १० + ११ + ६ + १५, म्हणजे ४२ पट्ट्यांचा होतो. वरच्या पद्धतीने तो २ + १ + ६ + ३, म्हणजे १२. ताल सुटायचं कारण या फरकात आहे. हात कमी फिरला की पुढची कॉर्ड वेळेवर पडते, आणि नजरही पट्ट्यांवरून उठवता येते.

एफ ते जी हा बदल तरीही खटकत असेल तर जी ऐवजी जी सेव्हन घ्या. तिचे स्वर जी, बी, डी, एफ. त्यातला डी गाळून बी-एफ-जी वाजवा. आता एफ सामाईक झाला. सी एक पट्टी खाली बी वर आणि ए दोन पट्ट्या खाली जी वर, बस. बोटं १-४-५. डी गाळल्याने फारसं बिघडत नाही, कारण बी आणि एफ यांच्यातला ताणच सी मेजरकडे ओढून नेतो : बी वर सीला जाऊन मिळतो, एफ खाली ईवर उतरतो.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी ताल नको. कॉर्ड दाबा, पुढच्या कॉर्डमधला सामाईक स्वर तोंडाने म्हणा, बाकीची बोटं सरकवा, मगच दाबा. चारही बदल न अडखळता जमले की मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावून प्रत्येक कॉर्डला चार ठोके द्या : पहिल्यावर दाबा, चौथ्यावर उचलून पुढच्या पट्ट्यांवर बोटं टेकवा, न दाबता. चौथा ठोका हा तयारीचा ठोका आहे. नवशिके तो शेवटपर्यंत वाजवत राहतात आणि पुढच्या पहिल्याला उशीर करतात.

प्रश्न : सगळ्या इन्व्हर्जन १-३-५ बोटांनीच वाजवते. ई-जी-सी वाजवताना मधलं बोट आणि करंगळी यांच्यात ताण येतो. बोटं बदलायला हवीत का?

हो. कॉर्डमधली रुंद फट कुठे आहे ते पाहा. मूळ स्थितीत सी-ई मध्ये चार पट्ट्यांचं अंतर, ई-जी मध्ये तीन, जवळजवळ सारखंच. म्हणून १-३-५ आरामात बसतात. पहिल्या इन्व्हर्जनमध्ये ई-जी तीन, पण जी-सी पाच. ही रुंद फट उजव्या हातात करंगळीकडे येते, म्हणून जी वर तर्जनी ठेवा : १-२-५. दुसऱ्या इन्व्हर्जनमध्ये जी-सी पाच आणि सी-ई चार. इथे रुंद फट अंगठ्याकडे आहे, आणि अंगठा मुळातच लांब उघडतो. म्हणून पुन्हा १-३-५.

डाव्या हातात करंगळी तळाला असल्याने हिशेब उलटतो. मूळ स्थिती ५-३-१, पहिली इन्व्हर्जनही ५-३-१, आणि दुसरी ५-२-१. उजव्या हाताला पहिल्या इन्व्हर्जनमध्ये तर्जनी लागते, डाव्याला दुसऱ्या. एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे.

हा नियम कधी मोडायचा तेही सांगतो. वरच्या उत्तरात सी-ई-जी वरून सी-ई-ए वर जाताना सी आणि ई धरून ठेवायचे आहेत. सी मेजर १-३-५ ने वाजवली तर ई वरचं बोट मध्येच बदलावं लागेल. म्हणून तिथे सी मेजरच १-२-४ ने घ्या. अंगठा आणि तर्जनी हलत नाहीत, अनामिका जी सोडते आणि करंगळी ए वर पडते. पुढची एफ १-३-५ ने, जी १-२-५ ने. बोटांचा क्रम पुढचा स्वर पाहून ठरवायचा असतो, एकेकट्या कॉर्डवरून नाही.

आणि ताणाबद्दल : न वाजणारी बोटं हवेत ताठ उभी राहत नाहीत ना, हे पाहा. १-२-५ वाजवताना ३ आणि ४ पट्ट्यांवर सैल पडलेली हवीत. मनगट पट्ट्यांच्या पातळीखाली लटकत असेल तर बाक किंवा खुर्ची थोडी उंच करा. कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं. इतकं करूनही दुखत असेल तर त्या दिवशी थांबा. दुखऱ्या हाताने केलेला सराव हाताला चुकीचीच सवय लावतो.

प्रश्न : डाव्या हातात सी आणि उजव्या हातात ई-जी-सी वाजवलं तर ही पहिली इन्व्हर्जन झाली ना?

नाही. इन्व्हर्जन कोणती, हे ऐकू येणाऱ्या स्वरांपैकी सर्वांत खालच्यावरून ठरतं, मग तो कुठल्याही हाताचा असो. तळाला सी आहे, तेव्हा ही सी मेजरची मूळ स्थितीच. सोबत बेस गिटार वाजत असेल तर शब्द तिचा. उजव्या हाताला यामुळे पूर्ण मोकळीक मिळते : बेस, म्हणजे तळाचा स्वर, डावा हात सांभाळतो, उजवा जवळची मांडणी शोधतो.

कागदावर ‘सी/ई’ असं लिहिलेलं दिसतं ते यासाठीच. आधी कॉर्ड, तिरक्या रेषेनंतर तळाचा स्वर. वाजवायचं : डाव्या हातात ई, उजव्यात सी मेजर कुठल्याही मांडणीत. सी, मग जी/बी, मग ए मायनर असं वाजवून पाहा. डावा हात सी, बी, ए असा पायरी पायरीने उतरतो. जी मेजर मूळ स्थितीत घेतली असती तर बेसने सी वरून जी वर आणि तिथून ए वर उडी मारली असती. चालीखाली असा उतरता बेस आला की साधी सोबतसुद्धा भरीव वाटते.

इन्व्हर्जन ही एकाच कॉर्डची रूपं आहेत ही कल्पना सिद्धान्त म्हणून मांडण्याचं श्रेय फ्रेंच संगीतकार जाँ-फिलिप रामो यांना दिलं जातं, वर्ष १७२२. तरी तिन्ही रूपांचा परिणाम सारखा नाही, हे कान लगेच सांगतो. मूळ स्थिती पाय रोवून उभी असते, पहिली इन्व्हर्जन हलकी, पुढे सरकणारी. दुसरी अधांतरी लटकते, कारण तळाच्या जी वर चौथा स्वर सी येतो आणि तो जोड कानाला विसावा देत नाही. म्हणून गाणं संपवताना दोन्ही हात मिळून दुसऱ्या इन्व्हर्जनवर थांबू नका. उलट शेवटच्या जी मेजरच्या आधी, बेसमध्ये जी ठेवून, वर सी मेजर वाजवा. ती आता उतरणार असं वाटायला लावते.

प्रश्न : डाव्या हाताने तीन स्वरांची कॉर्ड वाजवली की नुसता गुरगुराट होतो. उजव्या हाताने तीच कॉर्ड गोड वाटते. कीबोर्डच्या स्पीकरचा दोष असेल का?

स्पीकर लहान असेल तर भर पडते, पण मूळ कारण दुसरं आहे. डावीकडच्या पहिल्या सीची कंपनसंख्या सुमारे ६५ हर्ट्झ, त्याच्या वरच्या ईची ८२. फरक जेमतेम १७. इतक्या जवळच्या दोन लहरी एकमेकींत मिसळून जी थरथर निर्माण होते, तिला तुम्ही गुरगुराट म्हणता. मधला सी २६२, वरचा ई ३३०. फरक ६८, म्हणून दोन्ही स्वर वेगळे आणि स्वच्छ ऐकू येतात. कॉर्ड तीच असली तरी जागा बदलली की पोत बदलतो.

व्यवहाराचा नियम : डावीकडून दुसऱ्या सीच्या खाली तीन स्वर दाटीने वाजवू नका. तिथे एकच स्वर, किंवा सी आणि वरचा सी, किंवा सी आणि जी. मधल्या स्वराला, म्हणजे मेजर-मायनर ठरवणाऱ्या ईला, उजव्या हाताकडे सोपवा. डाव्या हाताने तिन्ही स्वर हवेच असतील तर ते पसरा : सी, जी आणि मग वरच्या सप्तकातला ई. एकदम पोहोचत नसेल तर एकामागून एक वाजवा.

प्रश्न : ऑटो-अकंपनिमेंट (कीबोर्डची आपोआप वाजणारी साथ) चालू असताना डाव्या हाताने सी मेजर कशीही उलटवून वाजवली तरी मागचा बेस सीच वाजवतो. मग इन्व्हर्जनचा उपयोग काय?

उपयोग हात जवळ ठेवण्याचा, तो तसाच राहतो. नेहमीच्या ‘फिंगर्ड’ पद्धतीत कीबोर्ड फक्त स्वर ओळखतो, त्यांचा क्रम पाहत नाही. बेसही तुम्ही सांगाल तसा हवा असेल तर मेनूत ‘फिंगर्ड ऑन बेस’ किंवा त्या अर्थाचा पर्याय शोधा. त्यात तळाचा स्वर बेस धरला जातो, आणि मग सी/ई खरोखर सी/ई वाजते. मात्र त्या पद्धतीत हाताच्या सोयीसाठी उलटवलेली कॉर्डही बेस बदलून टाकते. दोन्हींपैकी काय हवंय ते आधी ठरवा.

काही स्वरसमूहांवर कीबोर्ड वेगळंच नाव दाखवेल. सी-ई-जी-ए हे सी सिक्स आणि ए मायनर सेव्हन या दोन्हींचे स्वर आहेत. त्यात ना तुमची चूक ना वाद्याची, नाव संदर्भावर ठरतं. एका बोटाने पूर्ण कॉर्ड देणारी सोय मात्र शिकण्याच्या काळात बंदच ठेवा. तिच्यात हाताला कॉर्डचा आकार कळतच नाही, आणि ती सवय नंतर सोडवताना फार जड जाते. सगळे स्वर एकदम खाली-वर सरकवणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणाचंही तेच : पडद्यावर शून्य आहे ना, हे बसण्याआधी पाहून घ्या.

प्रश्न : तानपुऱ्यावर गाण्याचा रियाज आहे. कीबोर्डच्या मेजर कॉर्डमधला गंधार मला चढा वाटतो. कान चुकतोय का?

कान अगदी बरोबर आहे. तानपुऱ्याच्या षड्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो तो षड्जाशी ५ : ४ या प्रमाणात असतो, सेंटच्या मापात ३८६. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येकी १०० सेंट. त्यामुळे गंधार चौथ्या पायरीवर म्हणजे ४०० वर बसतो, जवळपास १४ सेंट चढा. पंचमात हा प्रश्न नाही, तिथे ७०२ च्या जागी ७०० आहे. मायनर कॉर्डमध्ये उलट होतं : शुद्ध प्रमाणातला कोमल गंधार ३१६ सेंटवर, कीबोर्डवरचा ३०० वर, म्हणजे उतरलेला.

ही तडजोड मुद्दाम केलेली आहे. तिच्यामुळेच बाराही पट्ट्यांवरून एकसारखी मेजर कॉर्ड मिळते, आणि सी-ई-ए वरून सी-एफ-ए वर जाताना कुठला स्वर बेसूर होत नाही. काही कीबोर्डवर ‘स्केल ट्यूनिंग’ असतं, त्यात प्रत्येक स्वर सेंटने खाली-वर करता येतो. एकाच षड्जावर, एकच मेजर कॉर्ड धरून गायचं असेल तर ई १४ सेंट उतरवून ऐका. पण कॉर्ड बदलत असतील तर तसं करू नका : ईपासून सुरू होणाऱ्या कॉर्डमध्ये तोच ई उतरलेला लागेल. सोबतीला ऑर्गन किंवा स्ट्रिंग्ससारखा लांब टिकणारा आवाज टाळून पियानोचा आवाज घेतलात तर फरक कमी टोचतो, कारण पियानोचा स्वर लवकर विरतो.

प्रश्न : सस्टेन पेडल (पट्टी सोडल्यावरही स्वर टिकवणारं पायाचं पेडल) लावलं की सगळ्या कॉर्ड एकमेकींत कालवल्या जातात. पेडल कधी दाबायचं?

कॉर्डबरोबर पेडल दाबत असाल, तीच चूक. नवी कॉर्ड पडते त्याच क्षणी पाय वर यायला हवा, म्हणजे आधीचे स्वर तुटतील. कॉर्ड हातात धरलेली असतानाच पाय पुन्हा खाली. हात खाली तेव्हा पाय वर, आणि लगेच पाय खाली. आधी पट्ट्यांशिवाय करून पाहा : मांडीवर टाळी द्या आणि त्याच वेळी टाच टेकवून ठेवत चवडा उचला. मग सी-ई-जी आणि बी-डी-जी या दोनच कॉर्ड, मेट्रोनोम ५० वर. दुसरी कॉर्ड वाजल्यावर पहिलीतला ई मागे रेंगाळत ऐकू आला तर पाय उशिरा किंवा अर्धवट उठला आहे. दोन कॉर्डच्या मध्ये पोकळी ऐकू आली तर हात लवकर सुटला.